जुने बोल्ट, नवं फ्लायव्हील: एका लॉराच्या क्लचकामाचं प्रकरण

गाडी स्कोडा लॉरा, १.९ लिटर टीडीआय डिझेल, ५ गिअरची. इंजिनाची ताकद १०५ पीएस आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २५० न्यूटन-मीटर. मालक कोल्हापूरचे. आठवड्यातून एकदा तरी गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून कोकणात जाणं-येणं, म्हणजे क्लचला आराम नाही. काही महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिन आणि क्लच यांच्या मधली जड दुहेरी चकती) असा पूर्ण संच बदलून झाला होता. सगळा माल चांगल्या कंपनीचा, बिलासकट. बदलल्यावर गाडी लोण्यासारखी चालली, असं मालकांचं म्हणणं. मग हळूहळू आवाज सुरू झाला.

आमच्याकडे गाडी आली ती तिसऱ्या मतासाठी. पहिलं मत होतं, नवं फ्लायव्हील डुप्लिकेट निघालं. दुसरं मत जास्त घाबरवणारं होतं: क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, बेअरिंग गेलंय, इंजिन खाली घ्यावं लागेल. मालकांनी त्या कामाचा अंदाजही घेऊन ठेवला होता. आकडा ऐकून गाडी विकून टाकावी का, इथपर्यंत घरात चर्चा झाली होती.

आवाज कुठला

इंजिन चालू करून गाडी न्यूट्रलला ठेवली, तर गिअरबॉक्सच्या बाजूने जाड, बोथट ठोका येत होता. आयडलला स्पष्ट, जरा ॲक्सिलरेटर दिला की कमी, आणि इंजिन बंद करताना शेवटच्या दोन फेऱ्यांत दणकन. क्लचचं पेडल दाबलं की आवाजाचा पोत बदलायचा, पण जायचा नाही. पेडल दाबून आवाज पूर्ण गेला असता तर आधी गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टकडे पाहिलं असतं. पेडल दाबल्यावरच आवाज सुरू झाला असता तर रिलीज बेअरिंग. इथे दोन्ही नाही.

बेअरिंगची शंका आधी मिटवली, कारण ती खरी निघाली तर बाकी सगळं बाजूला ठेवावं लागलं असतं. ऑइल गरम असताना प्रेशर गेज लावून पाहिलं, दाब ठीक. ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून उन्हात धरला. बेअरिंग झिजत असेल तर कागदाच्या घड्यांत चमकदार कण दिसतात. इथे काजळीशिवाय काही नव्हतं.

मग स्टार्टर काढला. या तपासणीला पाऊण तास लागतो आणि गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही, म्हणून ती थोडी सविस्तर सांगतो. ड्युअल मास फ्लायव्हील म्हणजे दोन चकत्या. पुढची चकती क्रँकला बोल्टने बसते, मागच्या चकतीवर क्लच बसतो, आणि मधे कमानीसारख्या वळवलेल्या लांब स्प्रिंगा ग्रीसमध्ये असतात. मागची चकती पुढचीच्या तुलनेत थोडी फिरते. तिने फिरायलाच हवं, त्यासाठीच ती बनवली आहे. स्टार्टरचे दात ज्या रिंगमध्ये बसतात ती रिंग गिअर मात्र पुढच्या चकतीवर असते. म्हणजे रिंग गिअर आणि क्रँक यांच्यात एका केसाचाही खेळ असायला नको. एकाने पुढून पुलीच्या बोल्टावर लांब पाना लावून क्रँक घट्ट धरायचा, दुसऱ्याने स्टार्टरच्या भोकातून जाड स्क्रू ड्रायव्हरने रिंग गिअर पुढे-मागे ढकलायची.

आमच्या पोराने क्रँक धरला आणि मी रिंग हलवली. ती हलली. डोळ्यांना दिसेल इतकी, आणि प्रत्येक वेळी तोच ओळखीचा ठोका. फ्लायव्हील क्रँकवर सैल होतं.

फ्लायव्हील डुप्लिकेट आहे म्हणणाऱ्याने बहुधा मागची चकती हलवून पाहिली असावी. ती हलते म्हणून फ्लायव्हील बाद ठरवणं ही चूक अनेक ठिकाणी होते आणि त्यात चांगला माल भंगारात जातो. किती अंश हलली तर चालते याची मर्यादा प्रत्येक फ्लायव्हीलगणिक वेगळी असते, हाताच्या अंदाजाने ती ठरत नाही.

उघडल्यावर

गिअरबॉक्स उतरवला, क्लच काढला. फ्लायव्हीलच्या मधल्या खळग्यात ६ बोल्ट. एकाचं डोकं सुटं होऊन खळग्यातच पडलेलं. चार बोल्ट गोटी पान्याला नुसता हात लावल्यावर फिरले. सहावा तेवढा थोडा कण्हला. प्रत्येक भोकाभोवती विटकरी रंगाची बारीक भुकटी जमली होती, बोटावर घेतली तर पावडरीसारखी पसरणारी. पाणी शिरून गंज चढतो तसा हा गंज नव्हे. दोन पोलादी पृष्ठभाग दाबाखाली सूक्ष्म अंतर घासत राहिले की जो कीस निघतो तो हवेतच गंजतो, त्याची ही भुकटी. ती दिसली की जोड बराच काळ सरकत होता असं बेलाशक समजावं.

तुटलेल्या बोल्टाचं तोंड भिंगाखाली धरलं. तुकडा डोक्याच्या खाली, जिथे मोकळे आटे संपून क्रँकमधले आटे सुरू होतात तिथेच पडला होता. आट्याच्या बुडाशी एका कडेला सुरुवात, तिथून आत गुळगुळीत भाग, त्यावर एकापुढे एक वळणदार रेघा, ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा. शेवटी पलीकडच्या कडेला लहानसा खडबडीत, करडा तुकडा. बोल्ट जोर लावून तुटला असता तर सगळं तोंड खडबडीत दिसलं असतं आणि मान बारीक झालेली असती. इथे तडा रोज थोडा थोडा सरकत गेला आणि उरलेला छोटासा भाग एका दिवशी सुटला. आपण याला थकवा म्हणतो. कडक आवळलेला बोल्ट असा सहसा थकत नाही. सैल बोल्टाला मात्र प्रत्येक धक्का पूर्णच्या पूर्ण सोसावा लागतो.

बोल्टांची डोकी पाहताच कळलं की हे कारखान्यातूनच आलेले, गाडीच्या जन्मापासूनचे आहेत. आट्यांत जुनी तपकिरी कीट, आणि तिच्यावरून ओतलेलं आटे चिकटवणारं द्रव्य, गॅरेजच्या भाषेत लॉकटाइट. ते काही ठिकाणी अजून ओलसर होतं. हे द्रव्य हवा बंद झाली आणि स्वच्छ धातूचा स्पर्श मिळाला की सुकतं. कीट आणि तेलावर ते नीट पकडत नाही.

मिस्त्रींनी काय केलं होतं

ज्यांनी आधी काम केलं त्या मिस्त्रींना मालकांनी फोन केला. ते स्वतः आले, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटला. हातात चाळीस वर्षांचं काम असलेला माणूस. क्लचचा संच आला त्यात बोल्ट नव्हते. बोल्ट मागवले तर दोन दिवस लागणार होते, आणि मालकांना दुसऱ्या दिवशी गाडी हवीच होती. मालकांनीही ते तिथेच कबूल केलं.

‘बोल्ट एक नंबर दिसत हुतं साहेब. आटं साफ, डोस्की साफ. म्हटलं, पुन्यांदा लावूया.’

‘मामा, टॉर्क पाना लावला होता ना?’ (टॉर्क पाना म्हणजे ठरवलेला जोर लागला की टक करणारा पाना.)

‘लावला की. साठ. लॉकटाइट पण घातलं.’

‘आणि नव्वद अंश?’

‘न्हाई. जुनं बोल्ट हाय, त्येला आनी पाव फेरा दिला तर तुटंल म्हणून साठावर थांबलो.’

या उत्तरात सगळं प्रकरण आहे. मिस्त्रींची भीती अगदी बरोबर होती. तीच भीती सांगत होती की हे बोल्ट परत लावण्याजोगे नाहीत. या इंजिनाच्या फ्लायव्हील बोल्टांचा आकडा आहे ६० न्यूटन-मीटर आणि वर आणखी ९० अंश, आणि पुस्तकात त्याच ओळीत लिहिलंय की बोल्ट दर वेळी नवे घ्या. ६० हा शेवट नाही, ती सुरुवात आहे. खरं आवळणं त्या पाव फेऱ्यात होतं.

पाव फेऱ्यात काय होतं

आकड्यांनी बघू. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा कळायला पुरेसा आहे.

बोल्ट १० मिलिमीटर व्यासाचा, आट्यांमधलं अंतर १ मिलिमीटर, प्रत १०.९. या प्रतीचा अर्थ असा: दोन आकड्यांतला १० म्हणजे तुटण्याचा ताण नाममात्र १००० मेगापास्कल, आणि ०.९ म्हणजे त्याच्या ९० टक्क्यांवर, ९०० ला, पोलाद कायमचं ताणायला लागतं. तोवर ताण सोडला की बोल्ट पूर्ववत होतो, त्यापुढे नाही. या बोल्टाचं ताण घेणारं क्षेत्रफळ ६४.५ चौरस मिलिमीटर. आवळताना पिळाचाही ताण येतो, तो धरला तर एक बोल्ट साधारण ५ टनांनी फ्लायव्हील क्रँकवर दाबून धरतो. सहा मिळून ३० टनांच्या आसपास.

आता लांबी. डोक्याखालचा ताणला जाणारा भाग जेमतेम १५ मिलिमीटर. ९०० मेगापास्कलपर्यंत तो लवचिकपणे ताणतो ०.०६ ते ०.०७ मिलिमीटर, कागदाच्या जाडीपेक्षाही कमी. १ मिलिमीटर अंतराच्या आट्याला पाव फेरा दिला की बोल्ट ०.२५ मिलिमीटर पुढे जातो. त्यातला काही भाग फ्लायव्हीलच्या आणि आट्यांच्या दबण्यात जातो, तरी उरलेला भाग बोल्टाला लवचिक मर्यादेच्या पलीकडे नेतो. हे चुकून होत नाही. मुद्दाम तसं ठरवलेलं असतं, कारण त्या मर्यादेवर पोहोचलेल्या सगळ्या बोल्टांचा दाब जवळपास सारखा येतो.

नुसत्या टॉर्कवर ही एकसमानता का मिळत नाही? पान्यावर जो जोर लावतो त्यातला निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, ४० टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात, आणि बोल्ट ताणायला उरतात फक्त १० टक्के. घर्षण थोडं वाढलं की ते या १० टक्क्यांतूनच कापून घेतं. आट्यांत कीट असेल, डोक्याखाली गंज असेल, तर पाना साठला टक करतो आणि दाब पडलेला असतो कमी. उलट आट्यांना तेल लागलं असेल तर त्याच साठला दाब जास्त पडतो. अंश मोजून आवळताना घर्षणाची लुडबुड बरीच कमी होते, कारण पाव फेरा म्हणजे पाव मिलिमीटर, घर्षण कितीही असो.

मिस्त्रींच्या कामात काय झालं ते यावरून मांडता येतं. स्वच्छ आट्यांना ६० न्यूटन-मीटरला अंदाजे ३ टन पडले असते. या कीट धरलेल्या आट्यांना २ टनांपेक्षा फार जास्त पडले नसावेत. हवे होते ५.

२ टनांवरही फ्लायव्हील लगेच सुटत नाही, म्हणूनच गाडी सुरुवातीला छान चालली. कोणत्याही नव्या जोडात पहिल्या काही तासांत पृष्ठभागावरचे बारीक उंचवटे दबतात, १० मायक्रॉनच्या, म्हणजे ०.०१ मिलिमीटरच्या आसपास. ५ टनांवर आवळलेल्या बोल्टाचा ताण ६५ मायक्रॉन असतो, त्यातले १० गेले तर सहाव्या हिश्श्याहून कमी दाब जातो. २ टनांवरच्या बोल्टाचा ताणच २५ मायक्रॉन, त्यातले १० गेले म्हणजे दाब ४० टक्क्यांनी उतरला. आखूड बोल्टांची ही मूळचीच अडचण आहे. सिलिंडर हेडचा लांब बोल्ट एवढं नुकसान सहज पचवतो, फ्लायव्हीलच्या बोल्टाला ते झेपत नाही.

फ्लायव्हील इंजिनाचा जोर बोल्टांच्या अंगावर पेलत नाही. ते क्रँकच्या फ्लँजला, म्हणजे टोकाच्या सपाट चकतीला, दाबून धरलेलं असतं आणि दोन पृष्ठभागांमधल्या घर्षणाने जोर पुढे जातो. घर्षणांक ०.१५ आणि बोल्टांच्या वर्तुळाची त्रिज्या ३ सेंटिमीटर धरली, तर ३० टनांना जवळपास १३०० न्यूटन-मीटर पेलतात. दाब उतरून सहा बोल्टांचा मिळून ७ टनांवर आला की उरतात ३०० च्या जरा वर. कागदावर इंजिनाचा टॉर्क २५०, म्हणजे अजूनही पुरतंय असं वाटेल. पण २५० ही सरासरी आहे. चार सिलिंडरच्या डिझेलमध्ये प्रत्येक स्फोटाचा धक्का सरासरीच्या कितीतरी वर जातो, आणि चढावर तिसऱ्या गिअरमध्ये खालच्या आरपीएमला इंजिन राबवलं की तो आणखी बोचरा होतो. फ्लायव्हील सूक्ष्म अंतर आडवं सरकायला लागलं. १९६९ साली गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने प्रयोगाने दाखवून दिलं की आवळलेला बोल्ट सोडवण्यात सरळ ओढीपेक्षा आडवं सरकणं कितीतरी जास्त कारणीभूत असतं. आडव्या हालचालीत आट्यांची पकड क्षणभर निसटते आणि बोल्ट आपोआप उलटा फिरतो. एक सैल झाला की त्याचा वाटा बाकीच्यांवर येतो.

मिस्त्रींनी पाव फेरा दिला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न मालकांनी विचारला. एकदा मर्यादेपलीकडे ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा ताणला की तो आणखी लांब होतो. पोलादात ताणण्याची शिल्लक असते, ती पहिल्या वेळेला थोडी खर्च होते, दुसऱ्या वेळेला आणखी. कदाचित बोल्ट टिकले असते, कदाचित आवळतानाच एखाद्याची मान बारीक झाली असती. त्यातला कुठला कोणत्या वाटेने जाईल हे बाहेरून पाहून सांगता येत नाही. म्हणजे जुन्या बोल्टाला पाव फेरा द्यावा तर तुटण्याची भीती, न द्यावा तर पकड अपुरी.

जुना बोल्ट ताणलाय हे कसं ओळखायचं

मिस्त्रींनी व्हर्निअर काढून जुना आणि नवा बोल्ट मोजला आणि म्हणाले, लांबी तर तेवढीच आहे. लांबीवर जाऊ नये. एकाच पुडीतल्या नव्या बोल्टांच्या लांबीत जो फरक असतो तोच या ताणापेक्षा जास्त निघतो.

आम्ही नवा आणि जुना बोल्ट आटे आटेत बसवून उजेडासमोर धरले. टोकाकडचे आटे बरोबर बसले, प्रकाश गेला नाही. डोक्याकडच्या दोन-तीन आट्यांपाशी मात्र बारीक फट दिसायला लागली. ताण तिथेच साचलेला असतो, डोकं आणि क्रँकमधला पहिला आटा यांच्या मधल्या मोकळ्या भागात. मिस्त्री बराच वेळ तो जोड फिरवून फिरवून पाहत होते. ही तपासणी फक्त बाद करायला उपयोगी आहे. फट दिसली तर बोल्ट नक्की गेला. दिसली नाही म्हणून तो चांगला ठरत नाही.

उद्यमनगरातून आणू का?

बोल्ट मागवायचे म्हणजे पुन्हा थांबणं आलं. मालक म्हणाले, उद्यमनगरात, कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या वस्तीत, काय मिळत नाही, हाय टेन्साइल बोल्ट आणतो. उद्यमनगरात खरंच पुष्कळ मिळतं आणि तिथल्या कारागिरीवर माझा विश्वास आहे. तरी या जागी तो उपाय नाही. दुकानात १० मिलिमीटरचा बोल्ट मागितला की १.५ च्या आट्याचा मिळतो, फार तर १.२५ चा. १ चा क्वचित. प्रत विचारली नाही तर बहुतेक वेळा ८.८ हातात पडते, म्हणजे मर्यादा ९०० ऐवजी ६४०. डोक्याची उंची जास्त असेल तर ते क्लच प्लेटच्या हबला घासतं. लांबी चार मिलिमीटर जास्त असेल तर बोल्ट तळाला टेकतो, पाना टक करतो आणि फ्लायव्हील मोकळंच राहतं. नवा ८.८ बोल्ट जुन्या १०.९ पेक्षाही वाईट, कारण तो नवा आहे म्हणून कोणी शंका घेत नाही.

एकाने तर क्रँकला १.५ चा टॅप मारून, म्हणजे भोकांत नवे आटे पाडून घेऊ असंही सुचवलं. १ च्या आट्यावर १.५ चा टॅप मारला की क्रँक गेला म्हणून समजा.

दुरुस्ती

तुटलेल्या बोल्टाचं खोड क्रँकमध्येच होतं. वेल्डिंग वगैरे काही करावं लागलं नाही. डोकं तुटल्यावर त्या बोल्टावर दाबच उरत नाही, त्यामुळे टोकदार पंचने कडेला हलकं ठोकत उलटं फिरवलं आणि ते निघून आलं. घाईने ड्रिल मारायला घेणाऱ्यांनी आधी हे करून पाहावं.

आटे साफ करायला कापणारा टॅप वापरला नाही, तो चांगल्या आट्यांतलंही पोलाद खरवडतो. जुन्याच बोल्टांतला बरा एक घेतला, हॅक्सॉने त्याला लांबीत दोन खाचा पाडल्या, आणि तो क्लीनर मारत प्रत्येक भोकातून हाताने आत-बाहेर केला. कीट खाचांत जमून बाहेर येते. मग हवा मारून कोरडं केलं.

क्रँकच्या फ्लँजवर घासल्याचे चकचकीत डाग होते, पण नख अडकत नव्हतं. डायल गेज लावून फ्लँजचा डगमगाट पाहिला, तो मर्यादेत होता. याचं आम्हाला फार हायसं वाटलं, कारण इथे खड्डे पडले असते तर खरोखरच इंजिन उघडण्याची वेळ आली असती. फ्लायव्हील मात्र वाचलं नाही. त्याची बोल्टांची भोकं लांबोळी झाली होती. काही महिने चाललेलं, आतून निरोगी असलेलं महागडं फ्लायव्हील बाजूला ठेवावं लागलं. भोकं भरून घेऊन पुन्हा छिद्रं पाडता येतील असं सांगणारे भेटतात. मिनिटाला चार हजार फेरे फिरणाऱ्या वस्तूवर तो प्रयोग मी करणार नाही आणि दुसऱ्यालाही करू देणार नाही.

मागचं ऑइल सील गळत नव्हतं, पण एवढं उघडल्यावर तेही नवं टाकलं. बरीच इंजिनं अशी आहेत की फ्लायव्हीलच्या बोल्टांची भोकं आरपार क्रँककेसमध्ये उघडतात. तिथे बोल्टाच्या आट्यांवरचं सीलंट हेच तेल अडवतं. जुना बोल्ट तसाच लावला तर तेल आट्यांतून झिरपून क्लच प्लेटवर येतं, क्लच स्लिप होतो, आणि दोष सीलवर जातो. सील दोनदा बदलूनही गळती थांबत नसेल तर बोल्टांकडे पाहावं.

नवे बोल्ट पुडीतून जसे आले तसे, तेल न लावता, सहाही हाताने फिरवून बसवले. एअर गन या कामात वापरली नाही, सोडतानाही नाही आणि लावतानाही नाही. रिंग गिअरला धरणारं टूल लावलं, समोरासमोरच्या क्रमाने आधी ३०, मग ६०, मग अंशमापक लावून प्रत्येकाला ९०. प्रत्येक डोक्यावर पेंटची रेघ मारली, म्हणजे कोणाचा पाव फेरा झाला आणि कोणाचा राहिला यात घोटाळा नको. पाव फेऱ्याला सहाही बोल्टांनी हाताला सारखाच विरोध दिला. एखादा मधेच मऊ लागला असता तर तो काढून दुसरा घातला असता.

बाकीच्या बोल्टांचं काय

क्लचच्या कामात सुटणारा प्रत्येक बोल्ट नवा हवा, असं मी म्हणणार नाही. तसं सांगून बिल फुगवणारेही आहेत. प्रत्येक बोल्टाला विचारायचं ते एवढंच: तो नुसत्या टॉर्कवर आवळायचा आहे की टॉर्क अधिक अंशावर? नुसत्या टॉर्कवरचा बोल्ट लवचिक मर्यादेच्या आत काम करतो, आटे आणि डोकं धड असेल तर तो परत लावता येतो. बेलहाउसिंगचे, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनाला जोडणारे बोल्ट आम्ही तारेच्या ब्रशने साफ करून तेच लावले. प्रेशर प्लेटचे बोल्ट तसेच लवचिक मर्यादेत राहतात, पण इथे दोघांच्या डोक्याच्या खाचा गोल झाल्या होत्या म्हणून सहाही नवे घेतले. जिथे पुस्तकच बदला म्हणतं तिथे अर्थात प्रश्न उरत नाही.

याच कामात लोक जे विसरतात ते गिअरबॉक्सच्या माउंटिंगचे बोल्ट. या गाडीत तेही टॉर्क अधिक ९० अंशांचे आहेत. फ्लायव्हीलचे नवे घालून माउंटिंगचे जुने तसेच ठोकलेल्या गाड्या पाहिल्यात. चाकाच्या बाजूचा ड्राइव्ह शाफ्टचा मधला बोल्टही त्याच जातीचा. हे सगळे आम्ही एकाच वेळी मागवले होते, म्हणून गाडी लिफ्टवर असताना कशासाठी अडलं नाही.

इंजिन चालू केलं, आवाज नव्हता. मालक घाटाची एक फेरी करून आले, तेव्हा स्टार्टर काढून रिंग गिअर पुन्हा हलवून पाहिली. क्रँक आणि रिंग एकजीव होते.

जायच्या आधी मिस्त्रींनी एक प्रश्न विचारला आणि तो चांगला होता. काही गाड्यांच्या हेड बोल्टांना पुस्तकात मापाची मर्यादा दिलेली असते, तेवढ्याच्या आत असेल तर परत लावा म्हणतात, आणि हेही बोल्ट ताणलेलेच, मग फ्लायव्हीलच्या बोल्टांना ती सवलत का नाही? जिथे कंपनीने लांबीची किंवा आट्याच्या व्यासाची मर्यादा दिली आहे तिथे मोजून परत लावणं पूर्णपणे योग्य आहे, मी स्वतः लावतो. हेड बोल्ट लांब असतो, ताण लांबीभर वाटला जातो आणि मापात पकडता येतो. फ्लायव्हीलच्या आखूड बोल्टाचा ताण दोन आट्यांत साचतो, तिथे मोजायला जागाच नाही. म्हणून या गाडीच्या पुस्तकात मर्यादेचा आकडा नाही, सरळ नवे घ्या एवढंच आहे. मिस्त्रींनी ते पान मोबाइलवर फोटो काढून घेतलं.

बिलाचं असं ठरलं. बोल्टांचा पूर्ण संच काही शेकड्यांचा होता, तो मालकांनी लगेच दिला. पाच आकडी फ्लायव्हीलची निम्मी रक्कम मिस्त्रींनी स्वतःहून उचलली, निम्मी मालकांनी, कारण गाडीची घाई त्यांचीच होती. गिअरबॉक्स चढवण्याच्या मजुरीतला काही भाग आम्ही सोडला, कारण मिस्त्री त्यांचा मुलगा घेऊन आले होते आणि ते काम दोघांनी आमच्या पोरांबरोबर स्वतः केलं.